गाठ ज्याची, बोलणे त्याच्याशी

जुलै सरत आला की रायगडच्या किनाऱ्यावर लगबग सुरू होते. १ जूनपासूनची मासेमारीबंदी ३१ तारखेला उठायची असते. जाळी सांधून होत आलेली असतात, इंजिने खोलून पुन्हा बसवलेली असतात. हंगामात अंगावर काढलेली दुखणी डॉक्टरला दाखवायला खलाशांना आणि नाखवांना सवड मिळते, तीही याच दोन महिन्यांत. गुडघे, कंबर, मोतीबिंदू, आणि कधीमधी मानेवर आलेली, न दुखणारी एक गाठ. याच आठवड्यात, २७ जुलैला, जागतिक डोके-मान कर्करोग दिन येतो. २०१४ साली न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या या क्षेत्रातल्या तज्ज्ञांच्या जागतिक परिषदेत हा दिवस ठरला. आपल्याकडे त्या दिवशी तंबाखूविरोधी फेऱ्या निघतात, शाळांमध्ये शपथा होतात. त्या व्हायलाच हव्यात. आम्हाला मात्र आज लिहायचे आहे ते ज्याने तंबाखूला कधी हात लावला नाही आणि तरीही ज्याच्या घशात कॅन्सर निघाला, त्याच्याविषयी. त्याला हे कोणी सांगावे, कधी सांगावे आणि कोणत्या शब्दांत सांगावे, याविषयी.

तंबाखूने महाराष्ट्राचे काय केले ते कोणाला सांगायला नको. आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कॅन्सरने गेले, तेव्हा सारे राज्य हळहळले. शरद पवार २००४ साली याच दुखण्याच्या शस्त्रक्रियेतून उठले आणि पुढे जाहीर सभांतून त्याविषयी मोकळेपणाने बोलले. २०१२ मध्ये राज्याने गुटख्यावर बंदी घातली. मशेरी मात्र घराघरात राहिली. देशात तोंडाच्या कॅन्सरचे दरवर्षी लाखाहून अधिक नवे रुग्ण निघतात आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मागे तंबाखू किंवा सुपारी असते. त्यामुळे डॉक्टरांच्या तोंडी पहिला प्रश्न तोच येतो. ‘खात नाही’ म्हणणाऱ्याला तो पुन्हा विचारला जातो. तिसऱ्यांदा विचारला की बायको मध्ये पडून मुलाबाळांची शपथ घेते. खरे सांगणारा माणूस अशा वेळी आपल्याच आजारात आरोपी होऊन बसतो, आणि खरे कारण कळायच्या आधीच डॉक्टरवरचा त्याचा विश्वास निम्मा उडालेला असतो.

खरे कारण आहे एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर या विषाणूमुळे होतो, हे शोधणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळाले. त्यांनी १९८३ मध्ये वेगळा काढलेला सोळा क्रमांकाचा प्रकार घशातही तेच उद्योग करतो, हे अमेरिकेतल्या मॉरा गिलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ठामपणे दाखवून दिले. घसा म्हणजे इथे टॉन्सिल आणि जिभेचे मूळ. स्वरयंत्राची गोष्ट वेगळी. टॉन्सिलवर खोल, अरुंद भेगा असतात आणि तिथले अस्तर विरळ असते. विषाणू तिथे शिरतो आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत हाकललाही जातो. थोड्यांच्या शरीरात तो टिकतो, आणि पेशींची वाढ आवरून धरणारी दोन प्रथिने निकामी करून टाकतो. मग दोन-तीन दशकांनी गाठ येते. अमेरिकेत घशाच्या या भागातले सुमारे ७० टक्के कॅन्सर या विषाणूमुळे होतात आणि त्यात पुरुषांची संख्या कितीतरी जास्त आहे. भारतात तंबाखूचाच वाटा मोठा असल्याने हे प्रमाण बरेच कमी आहे. पण कमी आहे म्हणून ते लक्षात घ्यायचे नाही, ही सवय रुग्णाला महागात पडते. घशातली मूळ गाठ वाटाण्याएवढी, कोणाला न दिसणारी असते. आधी दिसते ती मानेवरची. मानेवरची गाठ म्हटली की आपल्याकडे आधी क्षयाची शंका घेतात, जुनी माणसे तिला गंडमाळ म्हणतात. गाठीतला तुकडा किंवा सुईने काढलेले पाणी न तपासता नुसत्या अंदाजाने क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या, तर महिने त्यातच जातात.

आता एक दृश्य समजा. मुरूडकडचा पन्नाशी ओलांडलेला नाखवा. तुकडा काढून तपासायला दिला त्याला पंधरा दिवस झालेले. रिपोर्ट आणायला धाकटा मुलगा मुंबईला गेला, कारण त्याला इंग्रजी येते. खिडकीवर पाकीट मिळाले. मांडव्याला येणाऱ्या रो-रोवर गाडीत बसून त्याने ते फोडले आणि त्यातले शब्द मोबाइलवर शोधले. जेमतेम तासाभराचा प्रवास. किनारा येईपर्यंत बापाला कॅन्सर आहे, एवढेच त्याला कळलेले नव्हते. तो लैंगिक संबंधातून येणाऱ्या विषाणूचा आहे, असेही कळले होते, आणि अर्ध्या माहितीवर त्याने बापाविषयी मनात एक निकाल लावलाही होता. घरी येऊन तो आईला म्हणतो, ‘बाबांना काही सांगू नका.’ डॉक्टरलाही तो फोनवर तेच विनवतो.

हे दृश्य कल्पनेतले आहे, पण वाचकांपैकी कित्येकांच्या घरात त्याचा अर्धाअधिक भाग घडलेला असेल. आपल्याकडे कॅन्सरची बातमी रुग्णाला सर्वांत शेवटी कळते. ती मायेपोटी लपवली जाते, हे आम्हाला मान्य आहे. बाप खचेल, जेवायचा बंद होईल, ही भीती खोटी नसते. पण इतर कॅन्सरमध्ये या रीतीने रुग्णाचा हक्क जातो, तर इथे त्याची अब्रूही जाते. त्याच्या शरीराची, त्याच्या तरुणपणाची, त्याच्या संसाराची सर्वांत खासगी गोष्ट त्याच्याआधी मुलाला, सुनेला, मेहुण्याला कळते. कोळीवाड्यात भिंतीला भिंत लागून घरे. ‘पॉझिटिव्ह’ हा एक शब्द एका ओटीवरून दुसऱ्या ओटीवर जायला वेळ लागत नाही, आणि जाता जाता ‘एचपीव्ही’चे ‘एचआयव्ही’ झालेले असते. त्या दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही, हे मग दारोदार कोण सांगत फिरणार?

म्हणून आमचे म्हणणे एकच आहे. विषाणूची गोष्ट लपवू नये, पण ती आधी रुग्णाला सांगावी. एकट्याला, बसवून, मराठीत. पुढे कोणाला सांगायचे ते त्याने ठरवावे.

कायदाही याच बाजूचा आहे, जरी तो थोडा अडखळत बोलतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत आजाराचे गांभीर्य डॉक्टरने वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, असे म्हटले आहे. पण ते कोणाला माहीत असावे, हे सांगताना ‘रुग्ण, त्याचे नातेवाईक किंवा जबाबदार मित्र’ असे सगळ्यांना एका ओळीत बसवले आहे. आपल्या सवयीला पळवाट मिळते ती इथे. त्याच संहितेत पुढे रुग्णाची गुपिते फोडू नयेत असे स्पष्ट कलम आहे आणि त्याला न्यायालय, सार्वजनिक धोका असे मोजकेच अपवाद आहेत. ‘मुलगा विचारतोय’ हा त्यांतला अपवाद नाही. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये सांगितले की शुद्धीत येऊ शकणाऱ्या सज्ञान रुग्णाच्या जागी आईने दिलेली संमती चालत नाही. संमती ज्याची त्यानेच द्यायची, तर तिच्यासाठी लागणारी माहितीही त्यालाच मिळायला हवी.

अर्थात, ‘मला काही नको, पोराला सांगा’ असे म्हणणारे रुग्णही असतात. तोही त्यांचा अधिकार. फक्त तो त्यांनी बोलून वापरलेला असावा, आपण गृहीत धरलेला नसावा. टोरांटोत काम केलेले कॅन्सरतज्ज्ञ रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली वाईट बातमी सांगण्याची जी पद्धत मांडली आणि जी आज जगभर शिकवली जाते, तिच्यात बातमीच्या आधी एक पायरी आहे. रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे, ते त्यालाच विचारायचे. हे मराठीत अवघड नाही. ‘काका, तुकड्याचा रिपोर्ट आलाय. आधी तुमच्याशी बोलू, की काकूंना आणि मुलाला आत बोलावून सगळ्यांना एकदम सांगू?’ एवढे वाक्य पुरते. दार लोटून घ्यावे, फोन बाजूला ठेवावा, आणि मग: ‘गाठ कॅन्सरची आहे.’ त्यानंतर डॉक्टरने गप्प बसावे. त्या क्षणानंतरची दोन-तीन मिनिटे माणसाला काही ऐकू येत नाही. विषाणू, टप्पा, खर्च हे सगळे त्याच मिनिटात ओतले की पुढचे प्रश्न घरी जाऊन चुकीच्या माणसांना विचारले जातात.

विषाणूचे बोलणे दुसऱ्या भेटीत झाले तरी चालते, पण ते व्हायला हवे. रुग्णाच्या मनात जे प्रश्न असतात ते तो आपणहून विचारत नाही, म्हणून डॉक्टरने विचारण्याची वाट पाहू नये. हे कुठून आले? शरीरसंबंधातून, घशापर्यंत मुख्यतः मुखमैथुनातून. हे शब्द एकदा, सरळ आणि खाली न बघता उच्चारले की खोलीतला ताण उतरतो. आडवळणाने बोलले की संशय वाढतो. कोणाकडून आले, कधी आले? ते सांगता येत नाही, कोणतीही तपासणी ते सांगू शकत नाही. संसर्ग वीस-तीस वर्षांपूर्वीचा, लग्नाच्याही आधीचा असू शकतो. लैंगिक आयुष्य जगलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांच्या शरीरात हा विषाणू कधी ना कधी येऊन जातो, आणि आयुष्यभर एकाच जोडीदाराबरोबर राहिलेल्यांनाही तो झालेला असू शकतो. म्हणजे हा रिपोर्ट कोणाच्याही बाहेरख्यालीपणाचा पुरावा नाही. बायकोला समोर बसवून हे सांगायची वेळ येईल तेव्हा, रुग्णाची परवानगी घेऊन, डॉक्टरनेच ते सांगावे. नवऱ्याने सांगितले तर ती सफाई वाटते.

आणि भांडी? नातवंडांना जवळ घेणे? ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. एका घरात राहिल्याने, एकत्र जेवल्याने, मूल मांडीवर घेतल्याने हा पसरत नाही. इतकी वर्षे बरोबर राहिलेल्या नवराबायकोने आता अंतर ठेवण्यातही काही अर्थ नाही. जोडीदाराला असा कॅन्सर होण्याचा धोका कमीच राहतो. घशात तो आधीच शोधून काढणारी मान्यताप्राप्त तपासणी अजून नाही, पण गर्भाशयमुखाची आहे, आणि ती तिशीनंतर प्रत्येक बाईने करायचीच असते. नवऱ्याला हा आजार नसता, तरीही.

रिपोर्टमधल्या आकड्यांचा एक घोळही इथेच सोडवायला हवा, कारण तो सुशिक्षित घरांतही होतो. ‘पी-१६ पॉझिटिव्ह’ म्हणजे एचपीव्ही-१६ सापडला, असे नाही. दोन्हीकडे सोळा आला हा योगायोग आहे. पी-१६ हे आपल्याच शरीरातले प्रथिन आहे. विषाणूने पेशीचे नियंत्रण मोडले की ते साठत जाते, म्हणून तपासनीस त्याच्यावरून विषाणूचा अंदाज बांधतात. जिथे विषाणूजन्य घशाचे कॅन्सर मुळात कमी आहेत, तिथे हा अंदाज चुकण्याची शक्यता जास्त. भारतात म्हणूनच नुसत्या पी-१६ वर न थांबता विषाणूची थेट तपासणी करणे इष्ट. ती होण्याआधी एखाद्या कुटुंबाला ‘हे संबंधातून आले’ असे सांगून मोकळे होणे हा अन्याय आहे.

यात एक चांगली बातमीही आहे आणि तीच जपून सांगावी लागते. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पुढच्या टप्प्यातला आजार असूनही, विषाणूजन्य गटातले ८२ टक्क्यांहून अधिक रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ५७ टक्के होते. फरक इतका मोठा, की २०१७ पासून या कॅन्सरचे टप्पे वेगळ्या कोष्टकाने मोजतात. हे रुग्णाला जरूर सांगावे. त्याबरोबर हेही सांगावे की सिगारेट-विडी ओढणाऱ्याच्या बाबतीत हा फायदा घटतो. पण ‘हा चांगला कॅन्सर आहे’ असे म्हणू नये. काही डॉक्टर धीर द्यायला तसे म्हणतात, आणि सात आठवड्यांनी तोच रुग्ण त्यांच्याकडे फसवल्यासारखा बघत असतो.

कारण उपचार पूर्ण ताकदीचेच असतात. आधी दात तपासून खराब असलेले काढतात. मग प्लॅस्टिकची जाळीदार चादर गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबतात. ती गार होताना चेहऱ्याचा साचा घेते. रोज तो मुखवटा घालून माणसाला टेबलाला खिळवतात, म्हणजे किरण तिळभर हलू नयेत. आठवड्यातले पाच दिवस, सुमारे सात आठवडे. आपली माणसे याला ‘शेक’ म्हणतात. बरोबर सिस्प्लॅटिनचे सलाइन. तिसऱ्या आठवड्यापासून लाळ आटते, चव जाते, घसा सोलवटतो. ज्याने आयुष्यभर बोंबलाचे कालवण हाताने भुरकले, त्याला तिखटाचा नुसता वास सोसत नाही. पेज गळ्याखाली उतरेना झाली की नाकातून नळी घालतात. नळी असली तरी रोज थोडे गिळत राहायचे, नाहीतर गिळायचे स्नायू विसरतात. हा व्यायाम कंटाळवाणा आहे आणि औषधाइतकाच महत्त्वाचा आहे. आजार बरा होण्यासारखा आहे तर औषध सौम्य का करत नाही, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. २०१८ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत सिस्प्लॅटिनऐवजी सेटुक्सिमॅब हे औषध देऊन पाहिले होते. त्या गटातले रुग्ण जास्त दगावले. बरे होण्याची आशा खरी आहे ती हे सगळे सोसल्यावरची. सुरुवातीलाच हे सांगितले, तर माणूस सोसायच्या तयारीने येतो.

आणि तो येतो कुठून, याचाही विचार हवा. श्रीवर्धनच्या माणसाला सात आठवडे रोज ये-जा शक्य नाही. परळचे टाटा रुग्णालय आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा ही नावे कोकणातल्या कित्येक घरांना पाठ आहेत. त्याच टाटा केंद्राची संशोधन संस्था, ॲक्ट्रेक, २००२ पासून खारघरला, म्हणजे रायगड जिल्ह्याच्याच पनवेल तालुक्यात आहे. कॅन्सरवरचे मोठे शास्त्र आपल्या जिल्ह्यात आहे. ते समजावून सांगणारे माणूस अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात आणि तालुक्याच्या रुग्णालयांत हवे. त्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. एक दार लागणारी खोली, इथली बोली कळणारा प्रशिक्षित समुपदेशक, आणि रिपोर्टचे पाकीट खिडकीतून न देता रुग्णाला बोलावून देण्याचा नियम, एवढे जिल्हा प्रशासनाने ठरवले तरी होण्यासारखे आहे.

‘खेड्यातल्या लोकांशी असले विषय बोलता येत नाहीत’ असे कोणी म्हणेल, तर त्याने धाराशिवकडे पाहावे. १९९९ पासून त्या जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, टाटा केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था यांनी मिळून याच विषाणूचा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या धोरणांना त्यांचा आधार मिळाला. एका गटाला तपासणी मिळालीच नाही, यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते गंभीर होते. पण आरोग्यसेविका गावोगाव, घरोघर गेल्या, शेतकरी आणि मजूर बायकांशी या नाजूक विषयावर बोलल्या आणि हजारो बायका तपासणीला आल्या, हेही तितकेच खरे. याच्या उलट २०१० चा तेव्हाच्या आंध्रातल्या खम्ममचा प्रसंग. तिथे एचपीव्ही लसीचा प्रकल्प थांबवावा लागला. झालेल्या मृत्यूंचा लसीशी संबंध नसल्याचे चौकशीत दिसले, पण कितीतरी आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचेही दिसले. ज्यांच्याशी बोलायचे त्यांना वगळून दुसऱ्याशी बोलले, आणि लसीवरचा संशय देशभर वर्षानुवर्षे टिकला.

लसीचे बोलणे घशाच्या रुग्णाजवळ निघतेच, आणि बहुधा तोच काढतो. आता मी घेतली तर? उपयोग नाही; ही लस झालेला संसर्ग किंवा आजार बरा करत नाही. पोरांना द्यायची का? पुण्याच्या सीरम संस्थेने बनवलेली सर्व्हाव्हॅक ही देशी लस सोळा आणि अठरा या दोन्ही घातक प्रकारांवर आहे आणि ती ९ ते २६ वयाच्या मुलींना तसेच मुलांनाही देता येते. जागतिक आरोग्य संघटनेने मुलींना प्राधान्य दिले आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे आपल्याकडचे ओझे पाहता ते योग्यच आहे. पण ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून आणि ब्रिटनने २०१९ पासून शाळेत मुलग्यांनाही लस द्यायला सुरुवात केली, ती उगाच नाही. घशाचा हा कॅन्सर जास्त होतो तो पुरुषांनाच. पंचविशीतल्या मुलाला लसीचा फायदा मर्यादित असेल. घरात दहा-बारा वर्षांची नातवंडे असतील तर नातीला आणि नातवाला, दोघांनाही द्यावी. पंधरा वर्षांच्या आत दोन मात्रा, त्यानंतर तीन. मुलग्याला कशाला, असे घरात कोणी विचारले, तर त्याचे उत्तर आजोबांनीच द्यावे, त्यांना द्यावेसे वाटले तर.